कातकामाचा ठोकळा आणि करवतीची निवड



कातारी आपल्या लेथवर काम करीत असला की पाहणाऱ्याची नजर त्याच्या पटाशीवर खिळून राहते. लाकूड गरगर फिरते आहे, त्यातून भुश्याच्या लांबलचक साली निघत आहेत, आणि काल जो केवळ एक ओबडधोबड ठोकळा होता त्यातून आज वाडगा, लाटणे किंवा पाळण्याचा खांब आकाराला येतो आहे, हे दृश्य लहानथोरांना सारखेच मोहविते. परंतु तो ठोकळा आला कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. स्वयंपाकाची वाखाणणी होते. भाजी कोणी चिरली हे मात्र कोणी पुसत नाही, त्यातलाच हा प्रकार. मी आज बोलणार आहे ते या चिरण्याविषयी.

प्रसंग सांगतो. यंत्रशाळेत मुलांना सुतारकाम आणि लेथकाम शिकविण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. दक्षिण कोकणात, सावंतवाडीच्या बाजूस राहणारा माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. त्याचे घराणे कातकामाचे. लाटणी, पोळपाट, रव्या, भोवरे आणि रंगीत लाकडी फळे यांवर त्यांचा संसार चाले. मुलाच्या मनात आता फणसाच्या आणि आंब्याच्या लाकडाचे मोठे वाडगे करण्याचे होते. रस्ता रुंद करताना त्याच्या दारचे दोन फणस पाडले गेले होते. लाकूड आयते पडलेले होते. गाठीला पैसे होते ते एका यंत्रापुरते. तो म्हणाला, "सर, करवत एकच घेता येईल. कोणती घेऊ ते तुम्हीच सांगा. आणि बाबांना विचारू नका; ते यंत्राचे नाव काढू देत नाहीत."

बाबांनी का नाव काढू देऊ नये हे मला ठाऊक होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे पंधरा वर्षांपूर्वी चक्री करवतीने नेली होती. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता.

करवत निवडण्यापूर्वी लाकडाची ओळख करून घेतली पाहिजे. झाडाच्या बुंध्याच्या अगदी मध्यभागी एक मऊ नळी असते. तिला आपण गाभ्याचा मध म्हणू. ओले लाकूड वाळू लागले की ते सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या दिशेने ते जितके आकसते त्याच्या साधारण निम्मे ते मधापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते, आणि लांबीच्या दिशेने तर जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीत पूर्ण गोल ओंडका शाबूत राहणे कठीण. तो मधापासून सालीपर्यंत तडकतोच. म्हणून वाड्याच्या खांबासाठी जे चालते ते वाडग्यासाठी चालत नाही. जाणता कातारी ओंडक्याचा तुकडा त्याच्या व्यासाहून थोडा अधिक लांब कापतो, तो मधातून उभा चिरून त्याची दोन अर्धुके करतो, मधाची पट्टी काढून टाकतो, आणि मग प्रत्येक अर्धुकाचा गोल चकता करतो. म्हणजे तीन प्रकारचे छेद झाले: आडवा, उभा आणि वर्तुळाकार. तीनही छेद उत्तम रीतीने देणारी करवत अजून कोणी बनविलेली नाही, आणि सारी अडचण येथेच आहे.

पूर्वी हे काम अरकशी करीत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा आणि वरच्याच्या कमरेत कळ. ज्यांनी ती जोडी काम करताना पाहिली आहे ते यंत्राला सहसा नावे ठेवणार नाहीत. मात्र त्या करवतीचा एक गुण विसरू नये: ती हळू चालत असे, आणि चुकलेल्या माणसाला हात मागे घेण्यास वेळ देत असे.

आता यंत्रांकडे येऊ. लाटणी, रव्या, खुर्चीचे पाय यांसारख्या लांबट वस्तूंसाठी सरळ चौकोनी काठ्या लागतात. वाळलेल्या फळीतून एकसारख्या शंभर काठ्या काढावयाच्या तर चक्री करवतीला, म्हणजे टेबलावर बसविलेल्या दातेरी थाळीला तोड नाही. छेद सरळ येतो, सफाई चांगली येते, काम झपाट्याने होते. पण तिच्या मर्यादा पाहा. १० इंच व्यासाचे पाते टेबलाच्या वर फार तर सव्वातीन इंच निघते. तेव्हा सहा इंच जाडीचे अर्धुक ते एका छेदात कापूच शकत नाही. वळणाचा छेद तिला मुळीच जमत नाही. आणि तिसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे.

मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याचे दात ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने धावत असतात. पात्याच्या पुढील बाजूचे दात खाली जातात आणि लाकडाला टेबलावर दाबून धरतात. तोवर सारे ठीक. मागील बाजूचे दात मात्र वर येत असतात. ओले लाकूड चिरताना आतला ताण सुटतो, चिरेच्या दोन्ही बाजू जवळ येऊ लागतात आणि पात्याचा मागचा भाग त्यांच्या चिमट्यात सापडतो. मग ते वर येणारे दात लाकूड उचलतात आणि चालविणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. ही उसळी निमिषार्धात येते. लाकडामागून हात पुढे दाबीत असलेला माणूस आधार गेल्याने पुढे झुकतो, आणि हात पात्यावर जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे नेमके असेच झाले होते. पात्यामागे चिरेत बसणारी पोलादी जीभ असती तर चिमटा बसला नसता. ती जीभ यंत्राबरोबर आलेली होती. कामात आड येते म्हणून कोणीतरी ती काढून फेकून दिली होती. मी आजवर जितक्या वखारी आणि कारखाने पाहिले, त्यांतील निम्म्याहून अधिक ठिकाणी ती जीभ जागेवर नव्हती, हे मला खेदाने सांगावे लागते.

दुसरी साखळी-करवत. हिचा इतिहास मौजेचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील शल्यवैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. म्हणजे हिचा उपयोग आधी माणसावर झाला आणि मग झाडावर. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती उचलण्यास दोन माणसे लागत. पुढे अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावीउजवीकडे तोंड वळवीत कशी सरळ आत जाते हे निरखले, आणि तिच्या जबड्यासारखे आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी बनविली. १९४७ पासून ती बाजारात आली आणि आजच्या साखळ्याही त्याच वंशातील आहेत. ज्या अळीला आपण लाकडाची शत्रू म्हणतो तिच्याकडून घेतलेला हा धडा!

पडलेल्या झाडाचे तुकडे करण्यास ही करवत अद्वितीय आहे. ओंडका यंत्राकडे न्यावा लागत नाही. यंत्र ओंडक्याकडे जाते. उभा छेदही ती देते, मात्र ओंडका कसा ठेवावा याला महत्त्व आहे. तो उभा करून वरून, म्हणजे तंतूंच्या टोकांवर करवत चालविली तर ती रडतखडत जाते आणि पिठासारखा बारीक भुसा काढते. तोच ओंडका आडवा ठेवून, पट्टी तंतूंना समांतर धरून चिरला की शेवयांसारख्या लांब साली निघतात आणि काम भराभर होते. फक्त त्या साली साखळीच्या चाकाशी गच्च भरतात, त्या मधूनमधून काढाव्या लागतात.

पण साखळीचा छेद रुंद असतो: आठ-नऊ मिलिमीटर. पाच छेदांत चार सेंटिमीटरांहून अधिक लाकडाचा भुसा होतो. उघड्या अंगणात, आधाराशिवाय लहान ठोकळ्याला गोल आकार देण्यास ती धड कामाची नाही, आणि तिलाही स्वतःची उसळी आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागला की सारी करवत वर, चेहऱ्याच्या दिशेने उडते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर करवत नेऊ नये, आणि पायांना जाड संरक्षक आवरण, डोळ्यांना चष्मा व कानांना झाकण असल्याशिवाय तिची दोरी ओढू नये.

राहिली पट्टा-करवत. वखारवाले तिला बँडसॉ म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. दोन चाकांवरून फिरणारा पोलादाचा अखंड दातेरी पट्टा, एवढेच तिचे स्वरूप. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशी करवत योजिली होती; परंतु पट्ट्याची दोन टोके टिकाऊपणे जोडणे कोणालाच जमेना. चाकावर वाकून वाकून सांधा निसटे. सुमारे चाळीस वर्षे ती कल्पना पडून राहिली, आणि १८४६ साली फ्रान्समधील क्रेपें नावाच्या एका स्त्रीने सांधा जोडण्याची युक्ती काढली, तेव्हा कोठे ती कामाला लागली.

ठोकळे करणाऱ्यासाठी हिचा मोठा गुण असा की हिचे दात नेहमी खालीच जातात. लाकूड टेबलावर दाबले जाते, मागे भिरकावले जात नाही. छेद दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणून लाकडाची नासाडी अत्यल्प. जाडी पुष्कळ कापता येते. आणि पट्टा अरुंद असल्याने वळणही घेता येते, म्हणजे चौकोनी अर्धुकाचा गोल चकता होतो. गोल चकता केल्याने लेथवर चढविताना ठोकळा तोललेला असतो, यंत्र थरथरत नाही, आणि कोपरे पटाशीवर आपटत नाहीत. ज्याने कोपरे असलेला दहा किलोचा ओला ठोकळा लेथवर फिरविला आहे त्याला या सुखाची किंमत सांगावयास नको.

मी विद्यार्थ्याला बँडसॉ घे असे सांगितले. परंतु एवढ्याने सल्ला संपत नाही. खरे म्हटले तर येथे तो सुरू होतो. दुकानदार म्हणतो १४ इंची बँडसॉ, आणि गिऱ्हाइकाला वाटते की १४ इंच जाडीचे लाकूड कापले जाईल. तो आकडा चाकाचा असतो. त्यावरून टेबलाची रुंदी किती मिळेल ते कळते. उंची निराळी विचारावी लागते. या आकाराच्या पुष्कळशा यंत्रांत ती केवळ सहा इंच असते. आता १४ इंच व्यासाचा फणस घ्या. मधातून चिरला की प्रत्येक अर्धुक सात इंच उंच. मधाची पट्टी आणि सालीचा कळस काढला तर कसाबसा सहा इंचांत बसतो, नाही तर अडतो. काही ओतीव सांगाड्यांत खांबाच्या मध्ये जोडतुकडा घालून उंची बारा इंचांपर्यंत नेता येते. तशी सोय असलेलेच यंत्र घ्यावे, हे मी त्याला बजावले. मोटर दीड ते दोन अश्वशक्तीची हवी. वाळलेल्या चार इंच लाकडाला एक अश्वशक्ती पुरते. सहा इंच ओल्या लाकडात ती धापा टाकते. खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो हे आपण जाणतोच. तेव्हा मोटर रडू लागली की काम थांबवावे, नाहीतर तिची गुंडाळी जळते.

आणि पट्टा! नवशिका यंत्र निवडण्यात महिना घालवितो आणि पट्टा दुकानदार देईल तो घेतो. यंत्राबरोबर येणारा बारीक दातांचा पट्टा वाळलेल्या फळीसाठी असतो. ओल्या लाकडात त्याच्या दातांमधली जागा ओलसर भुश्याने क्षणात भरते, पट्टा तापतो, भरकटतो आणि छेद पोटासारखा फुगतो. ओल्या ठोकळ्याला इंचास तीन दात असलेला, दातांमध्ये ऐसपैस पोकळी असलेला पट्टा लागतो. रुंदी अर्धा इंच ठेवावी. अर्धा इंच रुंदीचा पट्टा सुमारे अडीच इंच त्रिज्येपर्यंतचे वळण घेतो. म्हणजे पाच इंच व्यासाहून मोठे सर्व वाडगे त्यात आले. भोवऱ्यासाठी किंवा लहान डब्यासाठी पाव इंची पट्टा निराळा ठेवावा. रुंद पट्ट्याला आखूड वळण घ्यावयास लावणे म्हणजे बैलगाडी बोळात फिरविणे होय.

फणसाच्या बाबतीत आणखी एक लचांड आहे, ते म्हणजे चीक. फळाला आहे तसा झाडालाही आहे. तो पट्ट्यावर आणि चाकांच्या रबरी धावांवर चिकटून बसतो, त्यावर भुसा थापला जातो आणि पट्टा उड्या मारू लागतो. फणस चिरताना आपण हाताला आणि विळीला तेल लावतो ना? तोच उपाय येथे. पट्ट्याला तेलाचा पुसट हात, आणि काम संपल्यावर रॉकेलच्या फडक्याने पुसणे. पण चिकाने कंटाळून कोणी फणस सोडू नये. तंजावरची वीणा आणि मृदंगाचे खोड ज्या लाकडाचे करतात ते हेच; ताजे असताना पिवळेधमक, आणि वर्षे लोटली की मधासारखे तपकिरी.

बँडसॉ निर्धोक आहे असे मात्र समजू नका. माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता. एकदा आंब्याची मनगटाएवढी गोल फांदी मी टेबलावर तशीच ठेवून आडवी कापावयास घेतली. खाली जाणाऱ्या दातांनी ती पकडली आणि फिरविली. फांदी गोल, तिला बूड नाही, ती माझ्या हातातून सुटून पात्याभोवती पिळली गेली, पट्टा कडाडून तुटला, आणि माझा अंगठा फांदी व टेबल यांच्या मध्ये सापडला. नख गेले, बोट वाचले. वीस वर्षे मुलांना 'गोल लाकूड खाचेच्या घोडीत बसविल्याशिवाय कापू नका' असे शिकविणाऱ्या माणसाने हे केले. घाई होती, एवढेच कारण. तेव्हापासून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेचा लाकडी आधार माझ्या यंत्राला साखळीने बांधलेला आहे. अर्धुक कापतानाही हाच नेम: सपाट बाजू खाली, साल वर. सालीवर पुठ्ठ्याची गोल चकती खिळ्याने ठोकावी आणि तिच्या कडेने पट्टा न्यावा. हातमोजे घालू नयेत. पट्टा त्याचा धागा पकडून हात ओढून नेतो.

भुश्याविषयी दोन शब्द. लाकडाची बारीक धूळ ही केवळ खोकल्याची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली तिची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तोंडाला चांगला मुखवटा बांधावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये वनांच्या रक्षणासाठी दिलेल्या आदेशानंतर विनापरवाना लाकूड कापणाऱ्या गिरण्यांवर कडक बंधने आली. स्वतःच्या कातकामासाठी ठेवलेला लहान बँडसॉ आणि व्यापारी गिरणी यांत फरक आहे हे आपल्याला कळते. तपासणीस आलेल्या माणसाला ते कळेलच असे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात जाऊन यंत्राचा आकार सांगावा व काय लागते ते लेखी विचारून घ्यावे. झाड तोडण्याची परवानगी ही तर निराळीच बाब.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर काय केले? झाडाचे तुकडे आणि मधातले उभे छेद यांसाठी त्याने साखळी-करवत चालविणारा माणूस दोन दिवसांच्या रोजाने आणला. वर्षातून चार दिवस लागणारे यंत्र विकत घेण्याचे कारण नव्हते. घरची जुनी चक्री करवत त्याने विकली नाही. लाटण्यांच्या काठ्यांसाठी तीच चांगली. फक्त लोहाराकडून पात्यामागची जीभ नव्याने करवून घेतली आणि ओले लाकूड तिच्यावर चढवावयाचे नाही असे ठरविले. गाठीचे पैसे बँडसॉला गेले, आणि त्यांतून वाचले ते तीन पट्ट्यांना.

यंत्र घरी आले त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. वडील ओटीवर पाठ फिरवून बसले होते. पहिल्या अर्धुकाचा छेद सुरू झाला तेव्हा आवाज ऐकून ते उठून दाराशी आले. चक्री करवतीची किंकाळी त्यांच्या कानांत बसलेली. हिचा आवाज त्यामानाने घुमणारा, खालच्या पट्टीतला. बराच वेळ ते पाहत राहिले. मग पुढे येऊन त्यांनी मुलाला थांबावयास सांगितले, यंत्र बंद करविले, आणि तीन बोटांच्या हाताने पट्ट्यावरचा लोखंडी आडोसा खाली ओढून लाकडापासून अर्ध्या बोटावर आणला. "एवढाच पट्टा उघडा दिसू दे," ते म्हणाले. हे मी सांगावयास विसरलो होतो. पुस्तकांतूनही तेच लिहिलेले असते: आडोसा लाकडाच्या जितका जवळ, तितका पट्टा सरळ चालतो आणि तितका हात सुरक्षित राहतो.

त्या दिवशी अकरा चकते निघाले. ओल्या चकत्याचा वाडगा एकदम पुरा करीत नाहीत. आधी तो जाडसर कातून ठेवतात. दहा इंची वाडग्याची भिंत एक इंच जाड, असे प्रमाण धरतात. तंतूंची टोके ज्या दोन बाजूंस उघडी पडतात तेथून पाणी भराभर उडते आणि लाकूड तडकते, म्हणून तेथे मेण लावावयाचे आणि वारा न लागेल अशा जागी ठेवावयाचे. आमच्या या मुलाने प्रत्येक वाडग्याच्या बुडाशी पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहून ठेवली आहे. दर पंधरवड्यास तो ती काट्यावर ठेवतो. वजन उतरावयाचे थांबले की लाकूड हवेशी जुळले असे समजावयाचे, आणि मग पुन्हा लेथवर. अकरांपैकी दोन तडकले; त्या दोहोंतही मधाची पट्टी पुरती काढलेली नव्हती. सात पुरे होऊन विकले गेले. राहिलेले दोन फणसाचे मोठे वाडगे माळ्यावर आहेत. गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. पावसाळी हवेमुळे ते थोडे जड झाले होते, आता पुन्हा उतरू लागले आहेत, असे त्याने कळविले आहे.